वहिनीचा नमुना

रेघ चढायला लागली तेव्हा धाकटीला आधी बरंच वाटलं. इतकी वर्षं ती याच रेघेसाठी झटत होती. मग तिने नळीवरची चिठ्ठी पाहिली. हा नमुना आजारी बाईचा नव्हता. निरोगी माणसांच्या खोक्यातला होता.

घरी सगळे तिला धाकटी म्हणत. एकदा तिच्या भावाचा फोन प्रयोगशाळेत दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि तेव्हापासून इथेही तेच नाव पडलं. चाळिशी जवळ आली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी ती धाकटीच राहिली.

तिचं काम असं होतं. काचेच्या एका लहानशा चिपवर सोन्याचा थर दिलेला असायचा, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसावं. त्या सोन्यावर ठरावीक प्रथिनं चिकटवलेली, पाण्यात गळ टाकून बसावं तशी. वरून रक्तातला पाण्यासारखा भाग हळूहळू सोडायचा, आणि चिपच्या खालून तिरका प्रकाश टाकायचा. शरीरातली प्रत्येक पेशी सतत इवल्या इवल्या पिशव्या बाहेर सोडत असते, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणाऱ्या. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी ज्या पिशव्या सोडतात त्यांच्यावर एक खूण जास्त असते. ती खूण असलेली पिशवी गळाला लागली की सोन्यावरून परतणारा प्रकाश किंचित बदलतो, आणि पडद्यावरची रेघ वर सरकते. काही लागलं नाही तर रेघ आडवी पडून राहते.

निरोगी माणसाची रेघ आडवी राहायला हवी होती.

"भिंग, इकडे ये जरा," तिने हाक मारली.

प्रकाशाची सगळी जुळवाजुळव ज्याच्याकडे होती त्या तंत्रज्ञाला सगळे भिंग म्हणत. भिंगांचं काम आणि नाकावर जाड भिंगं, दोन्हीकडून नाव शोभायचं. त्याने येऊन पडद्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

"बुडबुडा असेल."

"बुडबुड्याने रेघ उडी मारते. ही चढतेय."

"मग एसी. काल दुरुस्तीवाला येऊन गेलाय, म्हणजे आज नक्की बिघडणार."

पण खोली नेहमीसारखी गार होती. शेजारच्या ज्या पट्टीवर गळ लावलेले नसत तिथली रेघ आडवीच होती. त्यांनी नवी चिप घातली, द्रावण ताजं केलं, नळ्या धुतल्या आणि उरलेल्या नमुन्यातला थोडा पुन्हा सोडला. रेघ पुन्हा चढली, आजारी बायकांच्या रेघांइतकी उंच नाही, पण आडवी तर मुळीच नाही.

"काहीतरी आहे खरं," भिंग म्हणाला. "कुणाचा आहे गं?"

"कुणास ठाऊक," धाकटी म्हणाली.

नमुन्यांवर नावं नसत, नुसते आकडे आणि तारीख. कोणता आकडा कुणाचा हे फक्त प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना माहीत असायचं. पण दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या तारखेला ज्यांना बोलावलं होतं त्यातले बाकीचे सगळे ऐनवेळी काही ना काही कारण सांगून गळाले होते. फक्त एक बाई आली होती, आणि तिला हाताला धरून धाकटीनेच आणलं होतं. ती तिची वहिनी होती.

वहिनी पोहायला शिकवायची. नगरपालिकेच्या तलावावर सकाळी पोरांची बॅच, नंतर बायकांची. पाण्याला घाबरणाऱ्या साठीच्या आजीबाईंनाही ती महिन्याभरात तरंगायला लावायची. घरात सगळ्यांना सर्दी झाली तरी हिला नाही. निरोगी माणसं हवी आहेत म्हटल्यावर धाकटीच्या डोळ्यांसमोर पहिली तीच आली होती. आणि वहिनीनेही आढेवेढे घेतले नव्हते. तिची आई याच आजाराने गेली होती, कळलं तेव्हा फार उशीर झालेला. "आईच्या वेळी तुमचं हे यंत्र असतं तर," एवढंच म्हणून तिने बाही वर केली होती.

म्हणजे आईला होता. आता लेकीला. धाकटीने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवून दिली.

मॅडम आपल्या खोलीत काहीतरी वाचत होत्या. धाकटीने रेघ दाखवली. कुणाची ते सांगितलं नाही, पण मॅडमनी यादी न बघताच तिच्या तोंडाकडे बघितलं.

"तुला कळलंय कुणाचा आहे ते."

धाकटीने रेघेचा कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"बस. हे बघ, आपली चाचणी अजून कच्ची आहे. एका नमुन्यावरून आपण कुणाला आजारी ठरवत नाही. मी संशोधनावर नजर ठेवणाऱ्या समितीच्या डॉक्टरांना कळवते. ते त्या बाईंना बोलावतील, नीट विचारपूस करतील, तपासतील. ते त्यांचं काम आहे, तुझं नाही."

"कधी बोलावतील?"

"त्यांची बैठक झाली की. काही आठवडे जातील."

"मॅडम, काही आठवडे म्हणजे..."

"मला माहितीये म्हणजे काय. पण तू घरी जाऊन काहीतरी बोललीस आणि ते खोटं निघालं, तर त्या बाईची झोप कोण परत आणून देणार?"

मॅडमचं बरोबर होतं, हे धाकटीला तिथे बसल्या बसल्याही पटत होतं. पण पटलेलं घरापर्यंत टिकलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तिचं लक्ष वहिनीच्या ताटावरून हलेना. वहिनी भात इकडून तिकडे करत होती. गालांची हाडं वर आल्यासारखी दिसत होती. हे आधी का नाही दिसलं आपल्याला?

"तू जेवत का नाहीयेस?" धाकटीने विचारलं.

"जेवतेय की."

"आणि तलावावर? आज लवकर आलीस?"

"खांदा दुखतोय. काही दिवस नुसती काठावर बसून शिकवणार आहे."

"खांदाच दुखतोय ना? पाठ? पोट?"

वहिनीने मान वर करून पाहिलं. "डॉक्टरीण कधीपासून झालीस तू?" ती हसून म्हणाली. पण हसू लगेच मावळलं, आणि ती ताट उचलून आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

धाकटीची आई गेल्या वर्षापासून मोठ्या लेकीकडे राहायला गेली होती. घरात आता तिघंच, आणि चौथी धाकटीची भीती. भीतीला सगळीकडे पुरावे मिळायला लागले. वहिनी दुपारी झोपते. वहिनी जिने चढताना मध्येच थांबते. वहिनीने बाथरूमचं दार लावलं की आतून बराच वेळ आवाज येत नाही, मग एकदम नळ सोडल्याचा येतो. प्रयोगशाळेत धाकटी रोज दुसरे नमुने लावायची, त्यांच्या रेघा आडव्या पडल्या की मशीन नीट चाललंय म्हणून तिचा धीर आणखीच सुटायचा. मशीन बिघडलेलं असतं तर किती बरं झालं असतं! एकदा तिने भिंगाला तसं बोलूनही दाखवलं.

"मशीन बिघडावं म्हणून नवस बोलणारी तू पहिलीच," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने थट्टा आवरली. "घरचं कुणी आहे का गं?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

आठवडा सरला तरी समितीकडून काही आलं नाही. मग एका सकाळी वहिनी तलावावर गेल्यावर धाकटीने दादाला गाठलं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या काळोख्या बोळकांडीत दोरांना लटकून काम करणारा माणूस. कशाला घाबरतो असं कुणी म्हटलं नसतं. तो जमिनीवर हत्यारं पसरून पिशवीत भरत होता. धाकटीने सगळं सांगितलं. अगदी जपून, 'कदाचित' आणि 'नक्की नाही' अशा शब्दांनी गुंडाळून. पण दादाने त्यातला एकच शब्द ऐकला.

"तिच्या आईला होता तोच?"

"दादा, नक्की नाहीये. म्हणून तर..."

त्याच्या हातातला पाना फरशीवर पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. "तिला सांगितलंस?"

"नाही. सांगायला परवानगीच नाही. तुलासुद्धा नाही."

"मग नको सांगू. तिला काही कळता कामा नये. आई गेली तेव्हा ती कशी झाली होती ते मी पाहिलंय." त्याने तोंडावरून हात फिरवला, ग्रीसचा काळा पट्टा गालावर उमटला. "मी बघतो."

आणि त्याने बघितलं. दुसऱ्याच दिवशी तो घरच्या डॉक्टरांकडे एकटाच गेला. बायकोची पाठ दुखते, वजन उतरलंय, तिच्या आईला कर्करोग होता, असं भडाभडा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तिला घेऊन या, आधी तपासतो, मग सोनोग्राफी करू. दादा ऐकेना. सोनोग्राफीत राहून गेलं तर? मोठा सीटी स्कॅनच लिहून द्या. शेवटी डॉक्टरांनी कंटाळून लिहून दिला.

वहिनी मात्र ठाम होती. "खांद्यासाठी पोटाचा स्कॅन? वेडा झालायस का?"

"माझ्या समाधानासाठी कर."

"नाही करणार."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

इतक्या वर्षांत वहिनीने असं तोडून बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. धाकटी दाराआड उभी होती. तिला वाटलं, वहिनीला माहीत आहे. तिला कळलंय आणि ती लपवतेय. दादालाही तेच वाटलं असणार, कारण तो एकदम खाली बसला आणि रडायला लागला. मोठा, केसाळ हातांचा माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत हुंदके देत होता. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "बरं. येते."

स्कॅन सेंटरच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. वर टीव्हीवर कुठलातरी बागकामाचा कार्यक्रम आवाज बंद करून लावलेला. तिघं शेजारी शेजारी बसली, वहिनी मध्ये. तिने पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली होती, जणू कुणी ओढून नेईल. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. धाकटीला दोघांकडेही बघवत नव्हतं. तिने आपली नजर बागकामावर लावली. एक माणूस शांतपणे कुंडीत माती भरत होता.

आतून एक तंत्रज्ञ आला. निळा अंगरखा, हातात पेन, दिवसभर तेच तेच प्रश्न विचारून आवाज सपाट झालेला.

"पोटाचा स्कॅन तुमचा ना? कसली ॲलर्जी?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"मूत्रपिंडाचा त्रास? डायबिटीस?"

"नाही."

"गरोदर नाही ना?"

"छे हो," दादाच मध्ये बोलला, आणि त्यातल्या त्यात हसलासुद्धा. तो विषय त्या घरात कधीच मिटला होता. तीनदा राहिलं होतं, तीनदा गेलं होतं. तिसऱ्या वेळी वहिनी हॉस्पिटलमधून परत आली आणि दुसऱ्या दिवशी तलावावर गेली. त्यानंतर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आता तर तिची चाळिशीही उलटली होती.

तंत्रज्ञ दादाकडे बघतच नव्हता. "मॅडम, तुम्ही सांगा."

वहिनीने पर्स आणखी घट्ट धरली.

"आहे," ती म्हणाली.

तंत्रज्ञाने पेन खाली केलं. "मग इथे कशाला आलात तुम्ही?" तो जरा चिडूनच म्हणाला. मग तिघांची तोंडं पाहून त्याचा आवाज उतरला. "बसा. पाणी देऊ का?"

दादा तोंड उघडं टाकून बसला होता. वहिनी समोरच्या भिंतीशी बोलावं तशी बोलायला लागली. "आत गेल्यावर त्यांना सांगणार होते. तुला नाही. तुला सांगितलं की जातं. दर वेळी असंच झालं. सांगितलं, पेढे आणायला धावलास, आणि गेलं. या वेळी म्हटलं, जरा दिवस जाऊ देत. माझ्यापुरतं ठेवू." मग ती वळली. "पण तू का रडत होतास? हे सगळं कशासाठी चाललं होतं?"

दादाने धाकटीकडे पाहिलं. वहिनीनेही.

तिथेच, त्या खुर्च्यांवर, धाकटीने सांगितलं. चिप, प्रकाश, चढलेली रेघ, सगळं. बोलता बोलता तिच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसत गेलं. गर्भाशयात बाळाला पोसणारी वार म्हणजे तर नव्या पेशींची भराभर वाढणारी फौज. तीही रक्तात तसल्याच पिशव्या सोडत असणार, आणि काहींवर तीच खूण असणार. कुठेतरी वाचलंही होतं. म्हणून तर गरोदर बायकांचे नमुने घ्यायचे नाहीत असा नियम होता. रक्त घेण्याआधी प्रत्येकीला ते विचारायचंच होतं.

"मग मला का नाही विचारलंस?" वहिनी म्हणाली.

धाकटीला त्या दिवशीची ती लहान खोली आठवली. बाकी सगळे प्रश्न तिने विचारले होते. त्या प्रश्नाशी आल्यावर तिची जीभ रेटली नव्हती. वहिनीला हे कसं विचारायचं? उगाच जखमेवरची खपली काढल्यासारखं. तिने स्वतःच 'नाही' धरलं आणि पुढे गेली.

"तुला वाईट वाटेल म्हणून," ती म्हणाली.

"वाईट वाटेल म्हणून विचारलं नाहीस. मग माझ्या रक्तात काहीतरी दिसलं, तेही मला सांगितलं नाहीस. ते सांगितलंस माझ्या नवऱ्याला." वहिनीचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "रक्त माझं. पोट माझं. आणि मी सोडून सगळ्यांना माहीत."

ती उठली आणि बाहेर गेली. दादा तिच्या मागे धावला. धाकटी बसून राहिली. पाण्याचा ग्लास घेऊन आलेल्या तंत्रज्ञाला कुणाला द्यावा कळेना, तेव्हा त्याने तो तिलाच दिला.

तरी भीती गेली नव्हती. पोटात बाळ आहे म्हणून दुसरं काही नाहीच, असं थोडंच? दोन दिवसांनी वहिनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली, दादाबरोबर. धाकटीला कुणी बोलावलं नाही. घरात बसवेना म्हणून ती त्या दवाखान्याच्या समोरच्या फुटपाथवर येरझारा घालत राहिली. शेवटी दादाचा फोन आला.

"ठोके आहेत," तो म्हणाला. फोनमधून गाड्यांचे आवाज येत होते, तेच आवाज तिला समोरूनही ऐकू येत होते. "आणि बाकी सगळं स्वच्छ आहे. अंडाशयं, सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"वहिनी काय म्हणाली?"

"काही नाही."

मॅडमना धाकटीने सगळं सांगितलं. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. नमुना बाद केला, समितीला कळवलं, आणि माणसांशी बोलायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. "तू मशीनपाशी चांगली आहेस," त्या म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं. भिंगाने त्या दिवशी स्वतःहून नळ्या धुतल्या.

वहिनी बोलत नव्हती असं नाही. "दूध संपलंय", "तुझ्या दादाचा फोन आला होता का", इतपत बोलायची. पण थट्टा बंद झाली होती. धाकटी खोलीत आली की वहिनी हातातलं काम संपवून उठायची. धाकटीने दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा वहिनी "असू दे" म्हणाली, आणि दोन्ही वेळा ते नुसतं म्हणण्यापुरतं होतं.

मागची तीन बाळं ज्या सुमाराला गेली तो सुमार आला. कुणी बोललं नाही, पण दादाने तेवढ्या दिवसांत उंचावरची कामं घेतली नाहीत आणि फोन कायम खिशात ठेवला. एका दुपारी धाकटी प्रयोगशाळेत असताना तिचा फोन वाजला. वहिनी.

"कामात आहेस?"

"नाही. काय झालं? दुखतंय का? मी निघते, तू झोपून राहा, मी..."

"काही झालेलं नाही. जरा ऐक." पलीकडे वहिनीचा श्वास ऐकू येत होता. "मला भीती वाटतेय. तुझ्या भावाला सांगितलं तर तो माझ्याहून जास्त घाबरेल. येशील?"

धाकटी अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट निघाली. वहिनी पलंगावर कुशीवर पडली होती. धाकटी शेजारी बसली. मग तिने विचारलं, "काय वाटतंय? नीट सांग. सगळं सांग."

वहिनी सांगत राहिली. कधी पोटात ओढल्यासारखं होतं, स्वप्नात काय दिसतं, आई कशी आठवते, पाण्यात उतरावंसं किती वाटतं आणि उतरायची हिंमत कशी होत नाही. धाकटी ऐकत होती. मधेच वहिनी म्हणाली, "ते तुझं मशीन सांगेल का गं, हे टिकेल की नाही?"

"नाही," धाकटी म्हणाली. "त्याला तेवढं कळत नाही. मलाही नाही."

"बरं झालं," वहिनी म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली. धाकटीचा हात तिने सोडला नाही.

त्यानंतर रोज दुपारी धाकटी अर्धी सुट्टी काढून घरी यायची. काही दिवस बरे गेले, काही नाही. एकदा रक्त दिसलं, हॉस्पिटलात राहावं लागलं, आणि तिघांनीही आतून धीर सोडला. पण ते थांबलं. मुलगी तारखेच्या बरीच आधी आली, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवावी लागली इतकी लहान. कळा सुरू झाल्या तेव्हा दादा कुठल्याशा इमारतीच्या अकराव्या मजल्यावर दोरांना लटकून काम करत होता आणि त्याला फोन लागत नव्हता. वहिनीबरोबर आत धाकटी गेली.

पेटीच्या गोल भोकातून हात घालायची परवानगी मिळाली तेव्हा नर्सने विचारलं, आधी कोण? वहिनी अजून उठू शकत नव्हती. ती चाकाच्या खुर्चीतून म्हणाली, "हिला घालू दे. मी बघते."

धाकटीने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, एकदा धुतले, पुन्हा धुतले. मग वळून वहिनीकडे पाहिलं.

"नक्की घालू?"

"विचारलंस ना," वहिनी म्हणाली. "घाल आता."